रुमालाखालची तीन बोटं

अनिरुद्धने सुभद्राकाकीला फसवलं. मध्यस्थ मी होतो आणि रुमाल माझ्या वडिलांचा होता, त्यामुळे ती फसवणूक आज माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी वाऱ्याबद्दल, वाळूबद्दल, समुद्राबद्दल बरंच काही लिहिणार आहे. ते वाचून कुणी म्हणेल, दत्ता हळवा झाला. झालो असेन. पण चिडलोय त्याच्या आधीपासून.

चाकणजवळ महाळुंग्यात थंडी पडली की ती सगळ्यात आधी कळते माझ्या भट्टीपाशी. एरवी भट्टीच्या दारापासून चार हात लांब पळणारी माणसं सकाळच्या शिफ्टला आल्या आल्या तिच्याभोवती उभी राहतात, हात चोळतात, एकमेकांना ढकलून पुढे सरकतात. बाहेर रस्त्यावर गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर धुक्यात दिवे लावून उभे असतात. दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या एका वावरात कुणीतरी अजून कांदा लावतं. त्याला सोडलेल्या पाण्याने भिजलेल्या मातीचा वास आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास एकत्रच नाकात शिरतो. मग उत्तरेकडून वारा सुटतो. कोरडा, कानाला चावणारा. आणि मधे सगळा सह्याद्री उभा असताना माझ्या ओठांवर मीठ लागतं.

तीन हिवाळ्यांपूर्वी ते खरोखर लागलं होतं.

मी पाण्याच्या टाक्या बनवतो. छपरांवर दिसतात त्याच. साच्यात प्लास्टिकची पावडर भरायची, साचा भट्टीत उभा-आडवा फिरवत ठेवायचा. पावडर वितळून आतल्या बाजूला सगळीकडे सारखी बसते. मग पंख्याखाली थंड करून साचा उघडला की टाकी तयार. भोसरीत दुसऱ्याच्या कारखान्यात साचे पुसत मी हे शिकलो. पुढे एक जुनी भट्टी घेतली, ती दुरुस्त केली आणि स्वतःचं नाव दारावर लावलं. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कुणाला काही फुकट दिलेलं नाही. घासाघीस करताना माझा आवाज चढतो, हे गिऱ्हाइकांना माहीत आहे. तरी येतात, कारण एकदा ठरलं की मी मागे फिरत नाही.

त्या वर्षी दिवाळी उरकली आणि अनिरुद्ध आला. माणच्या आयटी पार्कातली नोकरी सोडलेला, चिंचवडला राहणारा, पस्तिशीचा, उन्हाने नाकाची सालं निघालेला माणूस. गाडीच्या टपावर एक फुटकी लांबडी वस्तू बांधून आणली होती.

"ही काय, टाकी आडवी पडून लांबली का?" मी विचारलं.

"कयाक. एका माणसाची होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि दुतोंडी वल्हं मारायचं."

"नि जायचं कुठं?"

"कोकणचा किनारा. वरपासून खालपर्यंत."

"रस्ता आहे की राव."

"रस्त्यावरून कासवं दिसत नाहीत, दत्ताभाऊ."

मग त्याने समजावलं. हिवाळ्यात समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला वाळूवर येतात. जिथे गावं आहेत तिथे ती घरटी कुणीतरी राखतं. पण दोन कड्यांच्या मधल्या, नुसत्या समुद्रातूनच गाठता येतील अशा कितीतरी पुळणी आहेत. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, हा शब्दही मला त्यानेच दिला. तिथे किती घरटी आहेत, किती अंडी कोल्हे खातात, खडकांत अडकलेल्या जुन्या जाळ्यांमध्ये किती माद्या गुदमरतात, याची नोंद कुणाकडेच नाही. मच्छीमारांच्या होड्या खडकांमुळे आत जात नाहीत. कयाक जाते. त्याला स्वतःसाठी आणि पाच सोबत्यांसाठी तशा सहा हव्या होत्या, आणि त्याच्या खिशात काही नव्हतं हे त्याच्या चपलांवरूनच कळत होतं.

साचे बनवणारे सलीमभाई त्या फुटक्या कयाकभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "शेठ, बनेल. पण हे टाकीसारखं उभं राहून पाणी धरणार नाही. हे पाण्यात पडून पाणी बाहेर ठेवणार. उलटं काम आहे."

ते उलटं काम मला आवडलं. मी अनिरुद्धला भाव सांगितलाच नाही, अट सांगितली. सहा तुझ्या, सातवी माझी, आणि मी येणार.

"पोहता येतं?"

"भामा नदीत म्हशीची शेपटी धरून शिकलोय."

"समुद्रात म्हशी नसतात."

"मग एक घेऊन जाऊ."

आणि नेली. बाकीच्या सहा पिवळ्या झाल्या. माझी सातवी टाक्यांच्या उरलेल्या काळ्या पावडरीतून काढली. माझ्या देहाला पुरेल इतकी रुंद, आणि सामानासाठी पुढे आणखी एक बैठक. पाण्यात सोडल्यावर ती अर्धी बुडून, डुलत, कुणाचंही न ऐकता चालायची. तिचं नाव म्हैसच पडलं.

माझी बायको मंगल म्हणाली, "पन्नाशीला आलात. कारखाना कोण बघणार?"

"तूच बघतेस की एरवी."

"हे आज पहिल्यांदा कबूल केलंत. जा आता."

त्या दिवसांची आठवण काढायची म्हटली की पहिल्यांदा येतो तो मतलई वारा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला तिकडे मतलई म्हणतात. त्याला आमराईचा, गोठ्याचा, चुलीच्या धुराचा वास असतो. झोपेतून उठलेलं गाव तुम्हाला पाठीमागून हलकेच ढकलतंय असं वाटतं. आम्ही उजाडताना निघायचो. समुद्र तेव्हा साईसारखा असायचा, वल्ह्याचं पातं त्यात शिरताना आवाजही यायचा नाही. दुपारी वारा फिरायचा, वायव्येकडून यायचा, लाटांना टोकं फुटायची. त्याच्या आत एखादी पुळण गाठून होड्या वर ओढायच्या, हा नेम.

कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीवर बसलेला असतो. ढुंगण तर पाण्याच्याही खाली. आयुष्यभर मी टेबलापलीकडच्या माणसापेक्षा उंच खुर्ची घेऊन बसलो. समोरच्याने डोळे वर करून बोलावं, ही माझी धंद्यातली युक्ती. इथे लाट आली की तीच माझ्याकडे वरून बघायची. पहिले दोन दिवस मी तिच्याशी भांडलो. हात भरून आले, खांदे सुजले, शिव्या संपल्या. अनिरुद्ध बाजूला येऊन म्हणाला, "खांद्याने नको, भाऊ. कमरेने. आणि ओढू नका, वल्हं तिथेच रोवा नि स्वतः पुढे जा." तिसऱ्या दिवशी ते जमलं. आयुष्यात पहिल्यांदा अशा कुणाशी गाठ पडली होती ज्याच्याशी घासाघीस चालत नव्हती, आणि मला त्याचा राग येत नव्हता.

किती गोष्टी सांगू. कालवं चिकटलेल्या खडकांचा भरतीच्या पाण्यातला तडतड आवाज. सुरूच्या झाडावर बसून मासा फाडणारा समुद्रगरुड आणि खाली पाण्यावर तरंगत येणारे चंदेरी खवले. एकदा माझी पाण्याची बाटली संपली, तेव्हा आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी माझ्या बाटलीत ओतणारा अनिरुद्ध. मी म्हटलं, "तुला?" तो म्हणाला, "मला सवय आहे." मला भाऊ नाही. त्या अर्ध्या बाटलीनंतर मनात मी त्याला तो दर्जा देऊन टाकला. कसलीही चौकशी न करता दिलेली ही माझी एकमेव गोष्ट.

सुभद्राकाकी भेटली ती साधारण अर्ध्या वाटेवर. सत्तरीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आम्ही तिच्या गावाला लागलो तेव्हा म्हशीची खालची बाजू कालवांवर घासून फाटली होती. मी तिच्या चुलीवर उलथनं तापवायला मागितलं. टाकीच्या प्लास्टिकची एक पट्टी मी नेहमी जवळ ठेवतो. तापलेल्या उलथन्याने ती वितळवून फाटलेल्या जागी दाबली की सांधा पक्का होतो. काकी कमरेवर हात ठेवून बघत उभी.

"माजं उलथनं जळलं तर भाकऱ्या तुज्या बोटीवर भाजीन हो."

"भाजा की काकी. काळी आहे, तव्यासारखीच."

"तवा कवा समुद्रात जातो रं?"

संध्याकाळी ती ओटीवर आमच्यात येऊन बसली आणि आपणहून बोलू लागली. लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षं कासवाच्या अंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराला जायची. "एकदा वाटंतच टोपलीत एक फुटलं. आत पिल्लू व्हतं, डोळं मिटलेलं. टोपली घेऊन माघारी आले." त्यानंतर तिने एकटीनेच एक पुळण राखायला घेतली. डोंगर उतरून जायची, घरट्यांवर काट्या टाकायची, कोल्हे हाकलायची. पण तिथल्या खडकांत दरसाल जुन्या जाळ्यांचे गुंते येऊन बसत होते, कासविणी त्यांत अडकून मरत होत्या, आणि ते गुंते तिच्या हाताने सुटणारे नव्हते. आमच्या होड्या तिने किनाऱ्यावर पाहिल्या तेव्हाच तिचा हिशेब झाला होता. तुम्ही जाळी काढा, मी जागा दाखवते. अनिरुद्धला तर तेच हवं होतं, कुणाच्याच नोंदीत नसलेली पुळण.

"पन नाव कुनाला सांगायचं नाय," काकी म्हणाली. "फोटू भाईर जायचा नाय. आणि कुनाला घेऊन यायचं नाय."

"काकी, लिहून देतो आम्ही," अनिरुद्ध म्हणाला.

"लिवलेलं मला वाचता येत नाय. लिवनाऱ्याला येतं. मग तो पायजे तसं वाचतो."

अडलं. आणि अडलेला सौदा दिसला की माझे हात शिवशिवतात. मी खांद्यावरचा रुमाल काढला.

माझे वडील चाकणच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली विकणाऱ्याचा हात हातात घेतो, विकणारा बोटं दाबून आपलं म्हणणं सांगतो. मग त्याच रुमालाखाली घेणाऱ्याचा हात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते तिघांनाच ठाऊक. विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या हाताला हात लावत नाहीत. दोघांचाही शब्द दलालाच्या हातात असतो, म्हणून उलटलेल्या सौद्याचं उत्तर दलालालाच द्यावं लागतं. वडील म्हणायचे, "रुमालाखाली त्वांड बंद ठिवायचं आन् हात खरा ठिवायचा." एकदा घेणारा पलटला, तेव्हा ते विकणाऱ्याच्या गावी चालत गेले आणि रुमाल न घेता, उघड्या डोक्याने त्याच्या दारात उभे राहिले. त्यांना तसं उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

हे सगळं मी त्या ओटीवर सांगितलं. काकीला फार आवडलं. अनिरुद्ध हसत होता, आमच्यातल्या एकाला म्हणाला, "हे टिपून ठेव, काय सुंदर प्रथा आहे." तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याला सौदा करायचा असतो तो प्रथा टिपून ठेवत नाही.

रुमालाखाली काकीचा हात आला. सुकलेल्या दोरासारखा. तिने एकेक बोट माझ्या मुठीत दिलं. पहिलं, नावाचं. दुसरं, फोटोचं. तिसरं, माणसं न आणण्याचं. प्रत्येक बोट मी मुळापर्यंत दाबलं. मग अनिरुद्धचा हात घेतला आणि तीच तीन बोटं त्याच्यापुढे धरली. कबूल असेल तर मुळापर्यंत दाबायचं, हे त्याला समजावलेलं होतं. तिसरं त्याने दाबलं. दुसरं दाबलं. पहिलं बोट त्याने अर्ध्यावर धरलं आणि सोडलं.

मला ते कळलं. दलालाच्या मुलाला कळणारच. अर्धं धरलेलं बोट म्हणजे नाही. वडील असते तर रुमाल झटकून उठले असते, "न्हाई जमत, पाव्हणं," म्हणाले असते, आणि पुन्हा पहिल्यापासून बसवलं असतं दोघांना. पण वल्ह्याने सोलवटलेले हात आहेत, दमलाय, धरलं असेल जमेल तसं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला दुसऱ्या दिवशी ती पुळण बघायची होती. भरतीची वेळ पहाटेची होती, पुन्हा बसायला सवड नव्हती. मी रुमाल वर उचलला आणि मोठ्याने म्हणालो, "ठरलं!"

सकाळी काकी म्हशीत पुढच्या बैठकीवर बसली. तरुणपणी नवऱ्याच्या होडीतून ती इकडून गेली होती, त्यानंतर नुसती डोंगरावरून उतरायची. अख्खी वाट मला टोचत होती. "वल्हं मारतोस का भाकरी थापतोस?" "पानी मागं लोट रं, माज्या अंगावर नको!" मग शेवटच्या कड्याला वळसा घातला आणि तिने नुसतं बोट पुढे केलं. मी वल्हं आडवं धरलं.

तिन्ही बाजूंनी काळे खडक, मधे मुठीएवढी पांढरी वाळू, मागे केवड्याचं दाट बन. वाळूवर पाण्यापासून केवड्यापर्यंत गेलेले रुंद पट्टे. मला वाटलं इथे टेम्पो कसा आला, तशीच टायरची नक्षी. काकी म्हणाली, "ती आलीवती. राती." त्या पट्ट्यांवर बोटभरही दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं. माझ्या मुलुखात अशी एक वीत जमीन उरलेली नाही जिच्यावर कुणाचं टायर, कुणाचा खांब, कुणाचा फलक नाही. मी स्वतःच तिथे भट्टी उभी केली आहे, मला त्याची लाज नाही. पण त्या वाळूवर पाय ठेवताना मी चपला काढल्या.

जाळी काढायला दोन दिवस लागले. नायलॉनचे हिरवे-निळे गुंते, त्यांत हाडं, त्यांत एक मेलेली कासवीण. दुसऱ्या दिवशी एक जिवंत सापडली. मानेत दोर रुतलेला. अनिरुद्ध गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून तो दोर धाग्याधाग्याने कापत होता. लाट त्याला खडकावर आपटत होती आणि तो कासविणीचं डोकं पाण्याच्या वर धरून होता. सुटली तेव्हा तिने मागे वळूनही पाहिलं नाही. तो वाळूत येऊन बसला. तळहाताला उभी चीर गेली होती, रक्त वाहत होतं, आणि हा माणूस मुलासारखा रडत होता. माझ्या रुमालाने मी ती जखम बांधली.

हे मी विसरू शकत नाही, हीच माझी अडचण आहे. त्याचा हात खोटा म्हणावा तर तो हात मी पाहिला आहे.

त्यानंतरचे दोन हिवाळे मी काकीकडे गेलो. एकटाच, बसने, कुणाला न सांगता. शिमग्याच्या आसपास घरटी फुटतात. उजाडताना डोंगर उतरून जायचं आणि वाट बघत बसायचं. आधी वाळू आतून खचते, वाटीसारखा खळगा पडतो. मग त्या खळग्यातून एक काळं टोक वर येतं, दुसरं येतं, आणि बघता बघता वाळू उकळायला लागते. बोटभर जीव, पण सगळ्यांना दिशा ठाऊक. काकी त्यांच्यामागून चालत म्हणायची, "जावा, जावा. मागं बगू नका." ती असं म्हणायची आणि मीही तिच्यामागून पाण्यापर्यंत चालत जायचो. एवढी वर्षं कारखान्यातून माल बाहेर पाठवतोय, कुठल्याच गाडीमागे मी असा चालत गेलो नाही.

अनिरुद्धचा अहवाल छापून आला तेव्हा त्याने मला एक प्रत पाठवली. त्यात एका पानावर माझा फोटो होता, म्हशीत बसलेला, तोंड उघडं, बहुतेक शिवी देताना. मी ते पान काढून फ्रेम करून ऑफिसात लावलं. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा आणि मी फुगून सांगायचो. अहवाल वाचला नाही. मी माझा फोटो तेवढा बघितला.

यंदा कार्तिकात एका ओळखीच्याने मोबाइलवर जाहिरात पाठवली. कासव महोत्सव. समुद्रकिनारी तंबू, मोकळी हवा, ताजी मासळी, पिल्लं बघण्याची हमी. मागे काळे खडक, मधे मुठीएवढी वाळू. डोंगरातून खाली लाल मातीचा नवा रस्ता. आणि पुळणीचं नाव, मोठ्या अक्षरांत. मी ते इथेही लिहिणार नाही. खाली प्रमुख पाहुण्यांत अनिरुद्ध.

का कोण जाणे, मी उठून ती फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि मागचा पुठ्ठा काढला. माझ्या फोटोच्या पाठीमागच्या बाजूला नकाशा होता. त्यावर एक लाल ठिपका, ठिपक्याशेजारी नाव. दोन वर्षं तो नकाशा माझ्याच ऑफिसात भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता.

चिंचवड स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात मी त्याला गाठलं. पहिला ग्लास संपायच्या आत माझा आवाज चढला होता.

"तू कबूल केलं होतंस."

"मी काहीच म्हणालो नव्हतो, दत्ताभाऊ. आठवून बघा. कुणीच काही म्हणालं नव्हतं. रुमालाखाली बोटं धरली होती आपण. गंमत होती ती."

मी टेबलावर हात आपटला. चहावाला म्हणाला, "शेठ, ग्लास काचेचे आहेत."

अनिरुद्ध चिडला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की तिथे धक्का बांधायचं घाटत होतं. कागदावर नाव नसलेली जागा वाचवायला कोण येणार? नकाशावर ठिपका पडला, घरट्यांची नोंद झाली, म्हणून धक्का टळला. महोत्सवाचं त्यालाही आवडलेलं नाही. पाहुणा म्हणून जातोय तो दिवे कमी करा सांगायला. "नाव दिलं नसतं तर ती पुळण राहिली नसती, भाऊ."

असेल. हे मी खरं मानायला तयार आहे. मला धक्के, परवाने, नकाशे यांतलं बरंच कळतं, आणि त्याचं म्हणणं अगदीच फोल नाही हेही कळतं. पण मग हे त्या ओटीवर का नाही बोललास? काकीला सांगायचंस, नाव द्यावं लागेल, नाहीतर जागा जाईल. ती चिडली असती. तिने तुझी सालटी काढली असती. आणि मग तिने घासाघीस केली असती, कारण ती माझ्यापेक्षा पक्की आहे. नाव घे, पण रस्ता नको. नाव घे, पण शिमग्यापर्यंत दिवा नको. काहीतरी पदरात पाडून घेतलं असतंच तिने. तू तिला तो हक्कच दिला नाहीस. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सौद्यात तू तिला बोलूच दिलं नाहीस. मी याला फसवणूक म्हणतो. बाकी सगळ्याला मी अडचण म्हणायला तयार आहे.

हे त्याला तिथे सांगायचं होतं. पण मला राग आला की वाक्यं सापडत नाहीत, नुसता आवाज सापडतो. तो उठून गेला. त्याच्या तळहातावरचा व्रण पैसे ठेवताना मला दिसला.

गेल्या आठवड्यात काकीचा फोन आला. दरसाल ती पहिली कासवीण आली की फोन करते. मी घाबरतच उचलला.

"आलीवती रं," ती म्हणाली. "वर चढलीन. दिवे बगितलेन. तशीच मागं फिरली, अंडी न घालता."

मी भट्टीकडे पाठ केली.

"दत्ता, रुमाल कुनाचा व्हता?"

"माझा, काकी."

"त्या पोराला मी वळकत नाय. मी तुजा हात धरलावता."

भट्टी मागे धडधडत होती. माणसं बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. पहिलं बोट अर्ध्यावर सुटल्याचं मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी ठरलं म्हणालो, हेही सांगितलं. मंगललाही हे सांगितलेलं नव्हतं. मग काकी म्हणाली, "बरं. तू बोललास. आता त्यो?"

म्हैस माझ्या शेडमध्ये छताला टांगलेली आहे. तिच्या पुढच्या बैठकीखाली अजून मूठभर वाळू आहे, मी ती कुणाला धुऊ देत नाही. या थंडीत रोज सकाळी मी स्टुलावर चढतो आणि त्या वाळूत बोटं घालतो. पांढरी, बारीक, अजून थोडी दमट लागते. तिथे परत जायचं आहे मला. तो मतलई वारा पाठीवर घ्यायचा आहे, काकीच्या शिव्या खायच्या आहेत, आणि खोटं का बोलायचं, बाजूच्या पिवळ्या कयाकमधून "कमरेने, भाऊ, कमरेने" असं ओरडणाराही हवा आहे.

येत्या पौर्णिमेला मी काकीच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. खांद्यावर रुमाल नसेल. माझं उत्तर मी दिलं आहे, ते तिच्यासमोर पुन्हा देईन. अनिरुद्ध, तूही ये. तंबूंच्या बाजूने, पाहुण्यांच्या गाडीतून येऊ नकोस. डोंगरावरून चालत ये, ओटीवर बस आणि तिला तोंडाने, मोठ्याने सांग, पहिलं बोट तू अर्ध्यावर का सोडलंस.